कॅमेरा कुणाच्या गळ्यात?

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. कुंभारगावच्या काठावरून आमची होडी निघाली तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. उजनीच्या पाण्यावर धुकं, थंडीनं बोटं आखडलेली. होडीत आम्ही पाच जण. चौघे पुण्याहून आलेले, अंगात पालापाचोळ्याच्या रंगाचे कपडे आणि प्रत्येकाच्या हातात कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढी लेन्स. पाचवी मी. साडी, वरून यांचं जुनं स्वेटर, कानाला स्कार्फ आणि गळ्यात माझा कॅमेरा. त्यातल्या एकानं बराच वेळ माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि मग समजूत घातल्यासारखा म्हणाला, ‘‘काकू, ब्रिज कॅमेरा का हा? असू दे, असू दे. सुरुवातीला बरा असतो.’’

आता हे ‘असू दे’ आपल्याला काही नवीन नाही. आमटीत मीठ जास्त पडलं की पाहुणे म्हणतात ते ‘असू दे’. मुलीच झाल्या की शेजारीण म्हणते ते ‘असू दे’. मी नुसती हसले. पण घरी आल्यावर दोन दिवस ते डोक्यातून गेलं नाही, कारण कॅमेरा घेताना घरात जो गोंधळ झाला होता तो सगळा त्या दोन शब्दांत परत आला.

मैत्रिणींनो, मी काही फोटोग्राफर नाही. मी पोस्टाची एजंट. महिला प्रधान बचत योजनेचं काम गेली बावीस वर्षं करते. इंदापूर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर स्कूटीवरून फिरायचं, बायकांचे आरडीचे पैसे गोळा करायचे, पोस्टात भरायचे. या फिरण्यातच मला पक्ष्यांचं वेड लागलं. आमच्याकडे पक्ष्यांना काही तोटा नाही हो. १९८० साली उजनीचं धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, माणसं वर सरकली, आणि त्या उथळ पाण्यावर जगभरचे पक्षी यायला लागले. रोहित, पट्टकादंब, शेकाटे, कुदळे, नदीसुरय. चित्रबलाकांची तर भादलवाडीच्या तळ्यात आणि आमच्या इंदापुरात तहसील कचेरीजवळच्या जुन्या झाडांवर वर्षानुवर्षं वीण होते. अशा जागेला ‘सारंगागार’ असा सुंदर शब्द आहे. कचेरीत सातबारा काढायला आलेली माणसं खाली आणि वर गुलाबी पिसांचे संसार!

हे सगळं मी मोबाईलवर टिपायची. आणि घरी येऊन सासूबाईंना दाखवायची. त्यांचं वय ८४, बाहेर पडणं बंद. त्या मोबाईल डोळ्यांशी धरायच्या, लांब धरायच्या आणि म्हणायच्या, ‘‘अगं, हा ठिपका कसला?’’ मी म्हणायची, ‘‘आई, तो रोहित.’’ ‘‘बरं बाई. ठिपका तर ठिपका.’’

त्या ठिपक्यासाठी मी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. जानेवारी २०१९ मध्ये स्वतःच्या नावानं महिना हजाराची आरडी उघडली होती. दुसऱ्यांच्या एवढ्या आरड्या उघडल्या, एक आपली असावी म्हणून. मध्ये करोना आला, काम बंद पडलं, तरी हप्ता चुकू दिला नाही. जानेवारी २०२४ मध्ये साठ हप्ते पुरे झाले आणि ७.३ टक्क्यांनी बहात्तर हजारांच्या वर रक्कम हातात आली. घरात सांगितलं, मी कॅमेरा घेतेय.

झालं! ज्या घरात मी मिक्सर घेतला तेव्हा कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं, तिथे कॅमेरा म्हटल्यावर प्रत्येकाला मत फुटलं. हे म्हणाले, ‘‘मोबाईल आहे की चांगला. लग्नकार्यात फोटोवाला असतोच.’’ मुलगा पुण्यात कंपनीत आहे. तो एकदम उत्साहात. ‘‘आई, घ्यायचाच तर प्रोफेशनल मिररलेस घे. ब्रिज कॅमेरा म्हणजे खेळणं असतं. उरलेले पैसे मी घालतो. सगळ्यांना कळलं पाहिजे की माझी आई काय काढते!’’

मनाला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण बरं वाटण्यावर बहात्तर हजार लावायचे नसतात, हे बावीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजून मी शिकले आहे. म्हणून आधी समजून घेतलं. ते तुम्हालाही सांगते, कारण दुकानात कुणी आपल्याला नीट सांगत नाही.

पूर्वी एका बाजूला खिशातले छोटे कॅमेरे होते आणि दुसऱ्या बाजूला लेन्स बदलायचे मोठे कॅमेरे. या दोहोंच्या मधला म्हणून हा ‘ब्रिज’. दिसायला मोठ्यासारखा, पण लेन्स कायमची बसवलेली. तीच लेन्स घरातला हळदीकुंकवाचा घोळकाही घेते आणि तळ्याच्या पलीकडचा बगळाही. निकॉनचा पी ९०० हा २०१५ साली आला तेव्हा त्याच्या ८३ पट झूमचा फार गाजावाजा झाला. २०१८ मध्ये पी १००० आला १२५ पट झूम घेऊन, २०२० मध्ये पी ९५०. कॅननचा एसएक्स ७० हा ६५ पटीचा, पण वजनाला हलका. आता ८३ पट म्हणजे पक्षी ८३ पट जवळ येतो असं समजू नका, मीही तसंच समजले होते. सगळ्यात रुंद दृश्य आणि सगळ्यात लांबचं दृश्य यांच्यातलं ते प्रमाण आहे. नुसत्या डोळ्यांच्या मानानं पक्षी साधारण चाळीस पट जवळ दिसतो. तेही काय कमी आहे?

मिररलेस म्हणजे ज्यात आरसा नाही तो. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत लेन्समागे आरसा असायचा, त्यातून आपण बघायचो, आणि बटण दाबलं की आरसा ‘खट्टाक’ करून वर जायचा. २००८ पासून आरसा काढून टाकलेले कॅमेरे यायला लागले आणि आता मोठ्या कंपन्यांचा सगळा जोर त्यांच्यावरच आहे. यातले अलीकडचे कॅमेरे तर पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतात आणि पक्षी उडाला तरी तो सोडत नाहीत. जादूच म्हणायची.

पण खरा फरक आहे तो आतल्या सेन्सरचा. सेन्सर म्हणजे पूर्वीच्या रोलच्या जागी असलेला उजेड टिपणारा तुकडा. ब्रिजमध्ये तो असतो साधारण सहा मिलीमीटर बाय साडेचार मिलीमीटर, म्हणजे तुरीच्या डाळीएवढा. पूर्ण आकाराच्या मिररलेसमध्ये ३६ बाय २४ मिलीमीटर, म्हणजे आमच्या टपालाच्या तिकिटाएवढा. क्षेत्रफळ काढलं तर तीस पट! अंगणात पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त साठेल? तसंच उजेडाचं. भर उन्हात वाटीही भरते, परातही भरते. पण पहाटे, संध्याकाळी, मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात, जिथे उजेडाची रिमझिम असते, तिथे वाटीतला फोटो रवाळ होतो. तूप रवाळ असावं, फोटो नाही.

मग वाटी घ्यायचीच कशाला? तर वाटीला झाकण लहान लागतं. सेन्सर छोटा, म्हणून लेन्सही छोटी पुरते. ज्याला २००० मिलीमीटरचा झूम म्हणतात त्या ब्रिजची लेन्स प्रत्यक्षात ३५७ मिलीमीटरचीच असते; छोट्या सेन्सरमुळे तिला ती पोहोच मिळते. तीच पोहोच तिकिटाएवढ्या सेन्सरवर हवी असेल तर तोफ लागेल. मिररलेसवाले सहसा ६०० मिलीमीटरपर्यंत जातात, आणि त्या लेन्सचंच वजन दोन किलोच्या घरात. वर कॅमेऱ्याचं. पी ९५० सगळा मिळून एक किलो.

तर आम्ही पुण्याला दुकानात गेलो. मी आणि मुलगा. काउंटरवरच्या पोरानं माझ्याकडे एकदाच पाहिलं, पाणी दिलं, आणि मग पाऊण तास तो मुलाशी बोलत होता. कॅमेरा काढला तो मुलाच्या हातात दिला. मी म्हटलं, ‘‘अरे बाळा, पैसे माझ्या पर्समध्ये आहेत. इकडे दे.’’ तेव्हा कुठे तो तीन किलोचा ऐवज माझ्या हातात आला. डोळ्याला लावला. काय ते दिसणं! रस्त्यापलीकडच्या तारेवरच्या कावळ्याची पापणी दिसली. मी हरखूनच गेले. आणि मग दुसऱ्या मिनिटाला उजव्या खांद्यातून कळ आली. दोन वर्षांपूर्वी हा खांदा धरला होता, तीन महिने वेणी घालता येत नव्हती, ते आठवलं.

कॅमेरा आणि लेन्स मिळून हिशोब तीन लाखांच्या पुढे गेला. मुलगा म्हणाला, ‘‘मी आहे ना.’’ आणि बोलता बोलता पुढचंही बोलून गेला. ‘‘एवीतेवी तू रोज थोडीच वापरणार? मी लडाखला जाईन तेव्हा नेईन. आणि होडीत वगैरे नको हं नेऊस एकटी, पडला-बिडला तर? मी आलो की जाऊ.’’ तो वाईट हेतूनं बोलला नाही. गुणी आहे माझा मुलगा. पण मला ते कपाटातलं हॉटशॉट आठवलं.

तुमच्यापैकी पंचेचाळिशी-पन्नाशीच्या बायकांना आठवत असेल तो काळ्या रंगाचा छोटा कॅमेरा. आमच्या लग्नात आहेर आला होता, माझ्या माहेरून. पण तो राहायचा यांच्या कपाटात, किल्ली यांच्याकडे, आणि रोल महाग म्हणून फोटो काढायचे ते यांनीच. सहलीला गेलो की मी मुलाला कडेवर घेऊन उभी आणि हे समोर. त्या अल्बममध्ये मी सगळीकडे आहे आणि मी काढलेला एकही फोटो नाही. आता जो येईल तो तीन लाखांचा कॅमेरा याच जातीचा असणार होता. मालकी आईची, म्हणायला. परवानगी मात्र प्रत्येक वेळी मागायची.

मी पी ९५० घेतला. बॅग आणि कार्डासकट सत्तर हजारांच्या आत. मुलगा परतीच्या एसटीत गप्प होता. मला वाटतं, आईनं आपली भेट नाकारली असं त्याला वाटलं. ते मलाही टोचलं. पण अडीच तासांत मी मन घट्ट केलं.

आता खरं खरं सांगते, त्या होडीतला माणूस अगदीच चुकीचा नव्हता. त्याच सकाळी एक ऑस्प्रे पाण्यावर सूर मारून मासा घेऊन वर उठला. चौघांच्या लेन्सा ‘फर्रर्र’ करून चालल्या. माझा कॅमेरा पक्षी शोधत राहिला, सापडला तेव्हा ऑस्प्रे पलीकडच्या खांबावर बसून न्याहारी करत होता. उडता पक्षी या कॅमेऱ्यानं मिळतो, पण दहातला एखादा, आणि तोही बगळ्यासारखा सावकाश उडणारा. वेड्या राघूच्या मागे लागाल तर आपणच वेडे होऊ. धुक्यातले रोहित मी काढले ते रवाळ आले ते आलेच. आणि दुपारी बाराला, पाण्यावरून गरम हवा थरथरत असताना पूर्ण झूम करून काढलात तर पक्षी डोहातल्या सावलीसारखा हलतो. तिथे मात्र तीन लाखांचाही असाच हरतो, ते बोटीवाले दादाच सांगत होते. जवळ जायचं नाहीतर सकाळी यायचं. झूमला उन्हाची हवा कापता येत नाही. अजून एक. कॅमेऱ्याच्या पडद्यावर झूमची पट्टी एका ठिकाणी थांबते आणि पुढे डिजिटल झूम सुरू होतो, तिथून पुढे जाऊ नका. ते म्हणजे पीठ संपल्यावर पाणी घालून भाकरी मोठी करणं.

पण उरलेलं सगळं? आरडीचे पैसे गोळा करून परत येताना बांधावर स्कूटी लावायची, पर्स बाजूला आणि कॅमेरा बाहेर. लेन्स बदलायची नाही, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्यांच्या धुळीत कॅमेरा उघडायची वेळ येत नाही. खंड्या, शेकाट्या, घरट्यातला सुगरण. मागच्या उन्हाळ्यात कचेरीजवळच्या झाडावरच्या चित्रबलाकांची पिल्लं घेतली. आईनं चोचीतून मासे घरट्यात ओकले आणि तीन पिल्लांची झोंबाझोंबी झाली, ते व्हिडिओत आलं. संध्याकाळी टीव्हीला जोडून सासूबाईंना दाखवलं. त्यांनी तीनदा लावायला लावलं. मग म्हणाल्या, ‘‘धाकट्याला मिळालंच नाही बघ. मोठं ते मोठंच दांडगं.’’ त्यांना तीन पिल्लांत धाकटं ओळखू आलं. माझ्या सत्तर हजारांचं व्याज मला त्या दिवशी मिळालं.

आणि चंद्र! कोजागरीला हौसेनं काढला तर नुसती पांढरी थाळी आली. मग कळलं की पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात. अष्टमीच्या अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवरचे खड्डे असे उठून दिसतात की बोट घालावंसं वाटतं. गल्लीतली पोरं रांग लावून उभी होती. होडीतल्या त्या चौघांच्या लेन्समधून चंद्र दिसतो, पण माझ्याएवढा मोठा नाही, हे आपलं जाता जाता.

तर माझ्यापुरता निकाल लागला होता. ब्रिज म्हणजे ‘सुरुवातीला बरा’ नाही. माझ्यासारखीला शेवटपर्यंत बरा. हे लिहून मी थांबलेही असते. पण दिवाळीत दुसरंच प्रकरण समोर आलं.

बारामतीला माझी धाकटी जाऊ असते. तिची मुलगी, माझी पुतणी, तेवीस वर्षांची. कॉलेज झालं, एका स्टुडिओत दोन वर्षं उमेदवारी केली, आणि आता स्वतःचा व्यवसाय करायचा म्हणते. डोहाळजेवण, बारसं, लहान बाळांचे फोटो, हळदी. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष फोटोवाला नको वाटतो, म्हणून तिच्याकडे आत्ताच विचारणा आहेत. तिला मिररलेस हवाय. बॉडी आणि दोन लेन्सा, सव्वा-दीड लाखाचा मामला. आणि दिवाळीच्या फराळाला सगळे बसलेले असताना दीर काय म्हणाले माहीत आहे? ‘‘एवढा कशाला? वहिनींसारखा घे की तो ब्रिज. किती छान फोटो येतात वहिनींचे! उद्या लग्न झाल्यावर काय करणार त्या दीड लाखाचं?’’ हे पण मान डोलवायला लागले. आणि सगळ्यात कहर म्हणजे माझा मुलगा, तो मिररलेसवाला, तोही म्हणाला, ‘‘हो, हिला सुरुवातीला ब्रिज बरा.’’

मी चकली खाली ठेवली. बघा बरं गंमत! जिला हौसेसाठी हवा, जिचा खांदा दुखतो, तिला तीन लाखांचा. आणि जिला त्यावर पोट भरायचंय, तिला सत्तर हजारांचा! आईच्या कॅमेऱ्यात मुलाची ऐट दिसते, मुलीच्या कॅमेऱ्यात खर्च दिसतो. कॅमेऱ्याचा विचार दोन्ही वेळा कुणी केलाच नव्हता.

माझा कॅमेरा तिच्या विरुद्ध साक्षीला उभा करतात, हे मला सहन झालं नाही. मी तिथेच म्हटलं, ‘‘भाऊजी, माझा कॅमेरा तिच्या कामाचा नाही. तुमच्या हातात ट्रॅक्टरच्या जागी कुणी माझी स्कूटी दिली तर चालेल का? स्कूटी वाईट नाही, पण नांगरटीला?’’

आणि हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. तिला झूम करायचाय कशाला? बाळ हातभर लांब असतं. तिला हवाय तो उजेड. आपल्याकडची डोहाळजेवणं संध्याकाळी, हॉलमध्ये, रंगीत दिव्यांत. तिथे माझी वाटी रिकामी राहते, तिची परात भरते. मिररलेसला ५० मिलीमीटर, एफ १.८ ची लेन्स मिळते, इतर लेन्सांच्या मानानं स्वस्त असते आणि उजेड भरभरून आत घेते. मागचं लग्नमंडपाचं गबाळं धूसर होऊन चेहरा तेवढा उठून येतो, ज्याचे लोक पैसे देतात. कॅमेरा डोळ्यावर फोकस धरून ठेवतो, बाळ हाललं तरी. शटर आवाज न करता चालवता येतं, नुकतं झोपलेलं बाळ उठत नाही. (काही एलईडी दिव्यांखाली मात्र आवाज बंद केला की फोटोत आडवे पट्टे येतात, ते आधी तपासून घ्यायचं, असं तिनंच मला शिकवलं.) दोन कार्डांची सोय असलेला घेतला तर एक कार्ड बिघडलं तरी दुसऱ्यावर फोटो असतात. बारसं काही पुन्हा होत नाही! आणि लेन्स बदलता येते म्हणजे धंदा वाढेल तशी एकेक घेता येते. नाहीतर पुण्यात दिवसाच्या भाड्यानं मिळते. ब्रिज घेतला तर वर्षभरात तो विकून दुसरा घ्यावा लागेल, म्हणजे स्वस्तातला महाग पडेल.

दीर म्हणाले, ‘‘पैसे?’’ आता हे माझं खातं. मी म्हटलं, मुद्रा योजना २०१५ पासून आहे, त्यात पन्नास हजार ते पाच लाख या टप्प्याला किशोर कर्ज म्हणतात. तिच्या स्टुडिओतल्या कामाचा दाखला आहे, कॅमेऱ्याचं कोटेशन आणायचं, बँकेत अर्ज करायचा. मुलीच्या लग्नासाठी म्हणून तुम्ही पोस्टात जे ठेवलंय ते मीच भरलंय, मला आकडा माहीत आहे, तो मी इथे सांगत नाही. जाऊबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या एकदम म्हणाल्या, ‘‘माझी भिशी फेब्रुवारीत लागतेय. पन्नास हजार. ते तिचे.’’ फराळाच्या ताटासमोर सगळे पुरुष एकमेकांकडे बघायला लागले.

होमाई व्यारावाला हे नाव तुम्ही ऐकलं असेल. आपल्या देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेली. साडी नेसून, तो भला थोरला स्पीड ग्राफिक कॅमेरा सांभाळत तिनं स्वातंत्र्याच्या काळातले फोटो काढले. पण सुरुवातीला तिचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावानं. २०११ मध्ये तिला पद्मविभूषण मिळालं, तेव्हा ती सत्त्याण्णव वर्षांची होती. तिला कुणी ‘एवढा मोठा कशाला’ म्हटलं असेल की नाही कोण जाणे. म्हटलंच असेल.

आमच्या पुतणीनं कॅमेरा घेतला. जाऊबाईंची भिशी, तिची स्वतःची साठवण, आणि उरलेल्याचं बँकेचं कर्ज. हप्ता तिचा ती भरते. पावती तिच्या नावानं केली, हे मी मुद्दाम दुकानात उभं राहून पाहिलं. या वेळी पोरानं कॅमेरा आधी तिच्या हातात दिला. माझ्याकडे पाहून त्याला काही आठवलं की काय, देव जाणे. पहिलं काम मिळालं ते एका बारशाचं. दीरच गाडीनं सोडायला गेले आणि दोन तास बाहेर ट्रायपॉड धरून बसले, असं जाऊबाईंनी फोनवर हसत हसत सांगितलं.

मुलाचं आणि माझंही जुळलं. मागच्या महिन्यात तो आला होता, माझा कॅमेरा मागितला. मी दिला. दुपारी बाराला भादलवाडीला गेला आणि संध्याकाळी सगळे हललेले फोटो घेऊन आला. मी काही बोलले नाही. फक्त म्हटलं, ‘‘असू दे.’’

आणि हो, या महिन्यापासून मी पुन्हा हजाराची आरडी उघडली आहे. कशासाठी, ते घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.